पिलीला बांधलेला दोर

मी दोर बोलतोय. दोरी नव्हे हं, दोर! दोरीवर कपडे वाळत घालतात, दोरीने कोंबडीचा पाय बांधतात. मी अंगठ्याएवढा जाड, तीन पेडांचा, तीस वाव लांब होतो. होतो म्हणतोय, कारण आता मी तसा राहिलेलो नाही. पण जुनं सांगायला लागलो की अजून माझे तंतू ताठ होतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

माझा जन्म कातांदुआनेस बेटावरचा. आमच्या डोंगरउतारावर आबाकाची दाट बनं आहेत. आबाका दिसायला थेट केळ, सख्खी बहीणच म्हणा. पण तिचा घड कुणी खात नाही. तिचं सगळं बळ खोडात. खोडाची सोपटं धारदार पात्याखालून खस्सकन ओढली की पांढराशुभ्र वाख हातात येतो. तो बांबूवर वाळत घातला की वाटावं, गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या न्हाऊन केस वाळवत उभ्या आहेत.

मला वळलं दारियोने. वय साठीकडे झुकलेलं, हात खरखरीत, तोंड सदा चालू. दुसऱ्या टोकाला लाकडी चाक फिरवायला त्याची बायको फेलिसा. तो पेड ताणत मागे मागे सरकायचा आणि ती चाक फिरवता फिरवता त्याला ऐकवायची.

"सरळ धर की! दोर वळतोयस का शेवया?"

"तू चाक नीट फिरव आधी. आमटी ढवळल्यासारखं काय चाललंय?"

अशा भांडणात मी दोन दिवसांत तयार झालो. त्यामुळेच असेल, माझ्यात पीळ जरा जास्तच बसला.

पुढची सहा वर्षं मी काय काय केलं म्हणून सांगू! वाळूत रुतलेल्या होड्या ओढल्या. चिखलात पोटापर्यंत बुडालेला रेडा बाहेर काढला. चर्चची नवी घंटा मनोऱ्यावर चढवली, ती मीच. ती वर जाताना खाली सारं गाव श्वास रोखून उभं होतं आणि मी मनात म्हणत होतो, अरे, घ्या की श्वास, मी आहे ना! एकदा धरलं की सोडायचं नाही, ही माझी ख्याती. काम नसेल तेव्हा मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर खुंटीला वेटोळं घालून असायचो. तिथून समोर दिसायची फेलिसाची बाग.

बाग म्हणजे काही फार मोठी नाही. कालामान्सीची चार झुडपं, त्याची ती बोराएवढी लिंबं माशावर पिळतात. अळूचा वाफा, आलं, मिरच्या. नारळाच्या सोडणात लावलेली ऑर्किडं. आणि कुंपणाजवळ एक पिलीचं झाड.

पिली आमच्याकडे काय आहे ते फेलिसाला विचारा. टणक कवचातला तो बदामासारखा लांबट गर गुळात घोळवून ती वड्या करायची आणि त्या वड्यांवर सारं गाव जीव टाकायचं. पण पिली दुसऱ्यांच्या झाडांची. "स्वतःचं झाड नाही आणि वड्या करते," असं एकदा कुणीतरी म्हणालं, ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने एक बी रुजवलं आणि रोज पाणी घातलं. मी भिंतीवर आलो तेव्हा ते झाड तीन वर्षांचं होतं. मी सांगतोय त्या वर्षी ते नऊ वर्षांचं झालं होतं, मांडीएवढ्या खोडाचं.

पण पिलीची एक गंमत आहे. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. फळ मादीलाच. आणि पहिला फुलोरा येईपर्यंत कोण कोण आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. नर निघाला की कापायचा आणि चुलीत घालायचा, हा आमच्या गावचा रिवाज. जागा कशाला अडवायची?

फेलिसाने मात्र पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं. ती त्या झाडाला 'पोरी' म्हणायची. "पोरी, पाणी प्यालीस का? पोरी, किडा लागला गं तुला." गाव हसायचं. सगळ्यात जास्त हसायचा तिचा धाकटा भाऊ गोर्यो.

"मानाय, ही तुझी पोरगी मिशा काढून उभी राहील एक दिवस, बघ." आमच्याकडे मोठ्या बहिणीला मानाय म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला मानोय.

"तुझ्या तोंडात माती," फेलिसा म्हणायची.

तर त्या नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली, सिग्नल नंबर चार. आम्हा बेटावरच्यांना वादळ नवं नाही. वर्षाला पाहुण्यासारखी येतात ती. पण चार म्हटल्यावर लोकांचे चेहरे बदलले. फेलिसाने तांदूळ, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी आणि बगलेत कोंबडा घेतला आणि ती शाळेच्या पक्क्या इमारतीकडे निघाली. जाताना दारियोला म्हणाली, "छप्पर बांध आणि लगेच ये. आणि हे बघ, माझ्या झाडाला बांधू नकोस. वाऱ्यात त्याचं त्याला पुरे होईल."

"हो गं, मला काय कळत नाही?"

दारियोने मला खुंटीवरून काढलं. काय सांगू, काय हुरूप आला मला! त्याने मला पत्र्यांवरून टाकलं, वाशांना दोन वेढे दिले. पूर्वेकडचं टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधलं. पश्चिमेला दुसरी खुंटी ठोकायला गेला तर खाली खडक. दुसरीकडे ठोकली, पुन्हा खडक. तिसरीकडेही तेच. पाऊस आडवा येऊ लागला होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग पिलीकडे पाहिलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने मला झाडाला बांधलं.

मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट मी खूश! एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला पिली, मध्ये मी. येऊ दे म्हटलं वादळ.

ते सकाळी नऊला आलं, उत्तरेकडून. आधी आवाज आला. मग अळूचा वाफाच्या वाफा उठला आणि गेला. ऑर्किडं कधी गेली ते दिसलंही नाही. कुणाचा तरी पत्रा, कुणाची तरी बादली, एक जिवंत बदक, सगळं माझ्यासमोरून आडवं उडत गेलं. छप्पर उचलायचं, मी दाबायचो. ते पुन्हा उचलायचं, मी पुन्हा दाबायचो. दोन तास आमची झटापट चालली होती आणि खरं सांगतो, भीती होतीच, पण मजाही येत होती. आयुष्यात माझ्या तोलाचं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं होतं.

मग एकदम सगळं थांबलं. वादळाचा डोळा गावावर आला होता. वर चक्क निळं आकाश. डोळ्यात घराबाहेर पडायचं नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण कोण पळत येतंय बघतो तर दारियो! फेलिसाची नजर चुकवून शाळेतून सटकला होता.

छप्पर जागेवर पाहून त्याने मला थोपटलं. मग पिलीजवळ गेला. आता खरं सांगून टाकतो. माझी झाडावरची गाठ तेव्हा सैल झाली होती. आणखी एक मोठा हिसका बसला असता तर मी सुटलो असतो. दारियोने ते पाहिलं. त्याने गाठ आवळली, वर दुसरी मारली आणि तिच्यावर तिसरी मारली.

"आता बघू कसं सुटतंय," तो म्हणाला आणि शाळेकडे धावला.

वारा परत आला तो दक्षिणेकडून, उलट्या बाजूने. पहिल्याच तडाख्याला पूर्वेची लोखंडी खुंटी बुळबुळीत चिखलातून निघाली. सगळं छप्पर एकसंध उठलं आणि शिडासारखं फुगलं. शिडाला बांधलेला मी, आणि माझ्या दुसऱ्या टोकाला फेलिसाची पोरगी. सुटावं असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. सूट रे, सूट, असं मी स्वतःलाच म्हणत होतो. पण तीन गाठी होत्या, आणि मी मी होतो. जमिनीतून एकेक मूळ तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. झाड आडवं झालं, तेव्हा कुठे छप्पर वाशांपासून फाटून समोरच्या भातात जाऊन पडलं.

दुपारी लोक परतले. नारळ कमरेत मोडले होते. हिरवं असं डोंगरावर काही उरलंच नव्हतं. फेलिसाने छप्पर नसलेल्या घराकडे पाहिलंच नाही. ती सरळ झाडाजवळ गेली. अर्धी मुळं वर आभाळाकडे, अर्धी अजून मातीत. खोडाला मी, तीन गाठींनी.

"दारियो, मी काय सांगितलं होतं?"

दारियो वाकून माझ्या गाठी चाचपू लागला.

"पत्रे गेले असते तर पत्रे परत आणले असते. नऊ वर्षं कुठून आणू?" असं म्हणून ती खोडावर बसली आणि रडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि हा मेला दोर! सोडायला नको होतं का याने?"

मला कुणी कधी असं बोललं नव्हतं. ज्याच्यावर मी आयुष्यभर मिरवलो, त्याच्यावरूनच बोलणं खाल्लं.

वादळ संपलं की गोर्योचा भाव वधारतो. त्याच्याकडे गावातली एकुलती एक मशीनची करवत. आल्या आल्या त्याने चर्चजवळची आडवी झालेली म्हातारी पिली कापून वाट मोकळी केली, मग घरोघरी फिरत फिरत दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला. करवत खांद्यावर, तोंडात शीळ. फेलिसा पुन्हा खोडावर बसली होती. रात्रीपासून तिने उघड्या मुळांवर ओली पोती टाकून ठेवली होती.

"ऊठ मानाय. दोन मिनिटांचं काम. सहा महिने जळण पुरेल."

"आधी मला काप."

"तुझं काय जळण व्हायचंय? नुसती हाडं!"

शेजारीपाजारी हसले, फेलिसा हसली नाही. तेव्हा दारियो पुढे झाला. "अर्धी मुळं मातीत आहेत. अजून ओली आहेत. उचलू या ना."

"मानोय, तुम्हाला वेड लागलंय का?" गोर्यो म्हणाला. "घरावर छप्पर नाही आणि झाड उचलताय? आणि एवढं करून नर निघाला म्हणजे?"

"ते नंतर बघू. चांगला दोर लागेल फक्त."

"कुणाचाही आण," फेलिसा म्हणाली. "हा नको. या मेल्याला माझ्या झाडाला हात लावू देणार नाही मी."

दारियो खाली बघत म्हणाला, "दोराचा काही दोष नाही फेलिसा. तो सुटत होता. मी डोळ्यात घरी आलो होतो. वरून आणखी दोन गाठी मी मारल्या."

डोळ्यात बाहेर पडला होता! फेलिसाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता ही याला त्या करवतीखाली घालते. तिने हातातलं ओलं पोतं त्याच्या अंगावर भिरकावलं.

"मेला असतास म्हणजे? छपरासाठी?" मग नाक पुसून ती उठली. "सोडव याला. हाच दोर लावायचा. ज्याने पाडलं त्यानेच उचलायचं. तूही आणि हाही!"

अहाहा! मला कुणी फुलांचा हार घातला असता तरी इतका आनंद झाला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आमच्या अंगणात. ज्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती तेही आले. आमच्याकडे असंच असतं, आधी कुणाचं तरी उचलायचं, मग आपलं. फेलिसाने मोठ्या पातेल्यात भात लावला, मदतीच्या पिशवीतल्या सार्डिनच्या डब्यांचं कालवण केलं.

आधी फांद्या उतरवायच्या होत्या. मुळं अर्धी तुटली, मग डोक्यावरचं ओझंही अर्धं नको का व्हायला? फेलिसाने स्वतः बोटाने दाखवलं, ही काप, ही ठेव, ही काप. प्रत्येक फांदीला तिचा जीव तुटत होता हे दिसत होतं, पण बोट हललं नाही. मग मुळांखालचा खड्डा खोल केला, म्हणजे उठताना ती नीट घरंगळून आत बसतील. खोडाची साल सोलवटू नये म्हणून दारियोने जुन्या रबरी चपला आणि पोती गुंडाळली, आणि त्यावर मला बांधलं. दोन बांबूंची कैची उभी करून मला तिच्यावरून घेतलं, कारण नुसतं आडवं ओढलं तर झाड फरफटतं, वर उचललं जात नाही. पुढे मला मोडक्या नारळाच्या बुंध्याला दोन वेढे दिले आणि माझं टोक सोळा माणसांच्या आणि एका रेड्याच्या स्वाधीन केलं.

"मी एक म्हटलं की ताण घ्या. दोन म्हटलं की ओढा. तीन म्हटलं की थांबा," दारियो ओरडला. "आणि कुणी सोडायचं नाही!"

एक! मी ताठ झालो. दोन! माझ्या अंगातून पाणी पिळून निघालं. झाड हललं. तीन! बुंध्यावरच्या वेढ्यांनी मला जागेवर धरून ठेवलं. पुन्हा एक, पुन्हा दोन. वीतभर उठलं. हातभर उठलं. रेडा फुरफुरत होता, माणसं चिखलात घसरत होती, बायका ओरडत होत्या, कुत्री भुंकत होती. निम्म्यावर आलं असेल नसेल आणि ताडकन आवाज झाला. माझा एक पेड तुटला.

"दोर गेला! बाजूला व्हा!" गोर्यो ओरडला.

"सोडू नका!" दारियो ओरडला.

माझे दोन पेड उरले होते. सगळा भार त्या दोघांवर आला आणि तंतू तडातड तुटू लागले. मी ठरवलं, सगळे तुटले तरी चालतील, पण आज नाही सोडायचं. वादळात मला सोडता आलं नाही. आता मला सोडायचंच नव्हतं. आणि बघतो काय, गोर्योने करवत टाकली, कमरेभोवती माझा वेढा घेतला आणि चिखलात फतकल मारून मागे रेलला.

"मानोय, तीन नका म्हणू आता! दोन, दोन, दोन!"

"दोन!" सगळं गाव ओरडलं. झाड उठलं, डुललं, आणि मुळं धपकन खड्ड्यात बसली. एकच ओरडा झाला. गोर्यो चिखलात उताणा पडून हसत होता. फेलिसा खोडाला मिठी मारून उभी होती, कपाळावर चिखल. मला कुणी शाबासकी दिली नाही, पण मला तिची गरजही नव्हती.

तुटक्या पेडाचा दोर पुन्हा ओढायच्या कामाचा नसतो. दारियोने कोयत्याने माझे तीन तुकडे केले, तिन्हीकडे मेखा ठोकल्या आणि झाडाला तीन बाजूंनी ताण दिला. तीन दिशांना तीन मी! दुखलं नाही. उलट आता तर मी झाडाला सगळीकडून धरलं होतं.

पण माझी धरायची खोड पुन्हा आडवी आली. आबाकाचा दोर भिजला की आखडतो. पाऊस पडला की मी आवळायचो आणि दारियो, आधीच घाबरलेला, रोज येऊन आणखी थोडा ताणायचा. चपला सरकल्या. माझा काच सालीत रुतायला लागला. मला वाटत होतं, मी किती छान सांभाळतोय.

वरच्या आळीत तिया पासिंग, म्हणजे पासिंगमावशी, राहते. ऐंशीची म्हातारी, अंगणात गावातली सगळ्यात मोठी पिली. ती काठी टेकत आली, तिने माझ्यावर काठी मारली आणि दारियोला म्हणाली, "फाशी देतोयस का झाडाला?"

"पडू नये म्हणून, तिया."

"अरे, हललंच नाही तर मुळं कशाला धरतील जमिनीला? थोडं डुलू दे. तुझ्या बायकोने तुला असं बांधून ठेवलं असतं तर तू जगला असतास का?"

"मी कुठे सोडलंय त्याला?" फेलिसा म्हणाली, पण तिने स्वतः येऊन मला चार बोटं सैल केलं.

सैल असणं मला ठाऊकच नव्हतं. वारा आला, झाड माझ्याकडे झुकलं, मी ताणलो, ते परत गेलं, मी सैलावलो. पहिले काही दिवस जीव खालीवर होत होता. मग सवय झाली, आणि आवडायलाही लागलं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी फेलिसा इतक्या मोठ्याने किंचाळली की लोक साप समजून काठ्या घेऊन धावले. झाडाच्या बोडक्या शेंड्याला तांबूस पालवी फुटली होती. "पोरी, जगलीस गं!" ती म्हणत होती, आणि काठ्या घेऊन आलेल्यांना तिने बसवून कॉफी पाजली.

आणि वादळानंतर सव्वा वर्षाने, मार्चमध्ये, झाडाला फुलोरा आला.

सगळ्यात आधी तो दारियोने पाहिला. त्याने एक फूल तोडलं, नखाने उकललं, दुसरं उकललं, तिसरं उकललं. मादीच्या फुलात तळाशी एक इवलासा फुगवटा असतो. दारियो फुलं उकलतच राहिला.

"बोल की! काय झालं?" फेलिसा म्हणाली.

"पोरगा आहे, फेलिसा."

ती तिथेच पायरीवर बसली. मग हसायला लागली. "साडेदहा वर्षं! साडेदहा वर्षं मी याला पोरी म्हणत होते!" हसता हसता तिचे डोळे भरले. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचं तिच्या अंगात नव्हतं. दोन दिवस तिने झाडाला पाणी घातलं नाही, की हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी करवत घेऊन गोर्यो आला. या वेळी शीळ नव्हती. "मानाय, मी हसायला आलेलो नाही. पण रिवाज तो रिवाज. कापतो आणि त्या खड्ड्यात चांगल्या मादीचं कलम लावून देतो. चार वर्षांत फळ."

फेलिसाने झाडाकडे पाठ केली. मग म्हणाली, "काप," आणि आत निघून गेली.

काप? मी तिन्ही मेखांवरून जीव खाऊन ओरडत होतो, पण दोराचं कोण ऐकतो? दारियो म्हणाला, "थांब रे जरा," पण त्याचा आवाज इतका बारीक होता की मलाच कसाबसा ऐकू आला. गोर्योने करवतीची दोरी ओढली. करवत खेकसून बंद पडली. त्याने पुन्हा ओढली. ती सुरू झाली, आणि तेवढ्यात त्याच्या पाठीत काठी बसली.

"बंद कर ते!" तिया पासिंग धापा टाकत उभी होती. "मेल्या, बंद कर आधी!"

"तिया, नर आहे तो."

"नर आहे हे ऐकलं म्हणूनच पळत आले, या वयात! गेल्या वर्षी माझ्या झाडाला फूल आलं आणि सगळं गळून गेलं. मला वाटलं, वादळाचा धक्का. तुझ्या दोन झाडांचं काय झालं?"

"त्यांचंही गळलं."

"आणि चर्चजवळचं ते म्हातारं झाड कोण होतं?"

गोर्यो विचारात पडला. "नर," तो म्हणाला.

"कापला कुणी?"

गोर्योने हातातल्या करवतीकडे पाहिलं.

"बाकीचे आपणच कापले, वर्षानुवर्षं. चुलीत घातले. तो एक चर्चच्या जागेत होता म्हणून वाचला होता, आणि त्याच्या जिवावर साऱ्या गावाच्या पिल्या फळत होत्या. आज सकाळी माझ्या फुलांवर मधमाश्या आल्यात, त्या याच झाडावरून. अरे, गावात एकच नवरदेव उरलाय आणि तू त्याच्या मानेवर करवत धरतोस?"

आधी दारियो हसला. मग कुंपणापलीकडचे हसले. गोर्योने करवत खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि झाडाकडे बघून म्हणाला, "माफ करा हं, जावईबापू!"

फेलिसा दारात येऊन सगळं ऐकत होती. तिने बादली उचलली आणि झाडाला पाणी घातलं. दोन दिवसांचं एकदम, आळं भरून वाहेपर्यंत. "पी रे पोरा," ती म्हणाली.

ऑगस्ट उजाडला तेव्हा वरच्या आळीत, खालच्या आळीत, गोर्योच्या परसात, सगळीकडे पिल्यांवर हिरव्या फळांचे घोस लटकत होते. कुठल्याही झाडाची पिली उतरली की पहिली टोपली फेलिसाची, असं तिया पासिंगने सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. आणि आता तिच्याशी वाद घालायची गोर्योचीही छाती नाही.

सप्टेंबरात फेलिसाने मला सोडलं. दारियो नको नको म्हणत होता, वादळांचे दिवस तोंडावर आहेत म्हणत होता. "त्याचं त्याला उभं राहू दे," ती म्हणाली आणि तिने एकेक गाठ नखांनी उकलली. मी जमिनीवर पडलो. दुपारी नैऋत्येचा वारा सुटला, चांगला जोराचा. झाड झुकलं, माझ्या सवयीने मी ताणायला गेलो, पण मी तर खाली होतो. ते झुकलं, आणखी झुकलं, आणि आपलं आपण परत उभं राहिलं. मी एवढ्या होड्या ओढल्या, घंटा चढवली, पण त्या दुपारी मला जेवढा आनंद झाला तेवढा कधीच झाला नव्हता.

मी आता तीन ठिकाणी कुजलोय. दारियो माझं पायपुसणं करणार होता, फेलिसाने करू दिलं नाही. तिने माझे तुकडे उलगडले आणि त्याच झाडाच्या आळ्यात, पालापाचोळ्यावर पसरून टाकले. आबाका काय, शेवटी केळीचीच जात. कुजली की खत. पावसाने माझा पीळ हळूहळू सुटतोय. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, वादळ यायच्या आधी वेळ काढून जमिनीत चांगली खुंटी ठोका, झाडाला वेठीला धरू नका. आणि झाड आडवं झालं म्हणून लगेच करवत आणू नका. आधी त्याच्या मुळांकडे वाकून बघा, चार माणसांना हाक मारा, माझ्यासारखा एखादा दोर शोधा. आहेत अजून भिंतीवर टांगलेले, कामाची वाट बघत.

मला हाक मारू नका मात्र. परवाच एक बारीक पांढरं मूळ माझ्या पेडांमधून वाट काढत आत आलं. काल दुसरं आलं. मी जागचा हलूच शकत नाही. आता त्याने मला धरलंय.